ट्रॅक ०७ कुणाचा? आणि डॉल्बीच्या पुढं काय ऐकू, सांगा की

सातरस्ता_बेस

मंडळी नमस्कार, पहिल्यांदाच विचारलालोय तर सांभाळून घ्या. जुळे सोलापुरात राहतो, वय २७, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. गाणं म्हणजे आमच्याकडं डॉल्बी. गणपतीला, जयंतीला, वरातीला जे वाजतं तेच आपलं, हलगी मिक्स, आराधी गाण्याखाली ठोकलेला किक म्हणजे ड्रमचा जाड ठोका, साउंड चेकचे ट्रॅक, आणि दर चाळीस सेकंदाला डीजेनं स्वतःचंच नाव घेतलेलं. मला ते अजून आवडतं, आधीच सांगतो, त्यामुळं नाक मुरडणाऱ्यांनी पुढं वाचू नका.

तर विषय असा की नववीत असताना नव्या पेठेतल्या एका मोबाईल शॉपीत मेमरी कार्ड भरून घ्यायचो, दोन जीबीचं, आणि दुकानदार काय कोंबेल ते आपलं नशीब. त्यात एकदा 'ट्रॅक ०७' नावाची एक फाईल आली. गायक नाही, बोल नाहीत, सात-साडेसात मिनिटं नुसता ठोका आणि त्याच्यावर एक आवाज, कसा सांगू, फुग्याचं तोंड दोन्ही बाजूनी ताणून हवा सोडली की जो चिरका आवाज निघतो ना, तो कुणी सुरात वाजवला तर जसं होईल तसं. वर जातंय, खाली येतंय, मधेच जाड होतंय, परत बारीक. मित्र म्हणले डिलीट कर बे, फाईल बिघडलीय. मी नाही केली. दोन वर्षं ऐकली ती, गच्चीवर झोपून, इयरफोनचा एक कान चालू एक मेलेला. मग फोन बदलला आणि कार्ड कुठं गेलं ते कळलंच नाही.

मागच्या महिन्यात हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला मित्राच्या रूमवर गेलतो. तिथं माझं गाणं लावलं तर सगळे हसले, म्हणले अरे हे वरातीचं. ठीकंय. मग त्यातल्या एकानं त्याचं काहीतरी लावलं आणि दहाव्या मिनिटाला तोच आवाज! फुगा! मी उडालोच, विचारलं कुणाचंय हे, तर म्हणतो तुला नाही कळणार, हे टेक्नो आहे. आता त्यात न कळण्यासारखं काय होतं देव जाणे, नाव विचारलं होतं, पंचांग नाही.

तर दोन गोष्टी सांगा. त्या आवाजाला म्हणतात काय आणि तो अजून कुठं सापडेल. आणि दुसरं, तुमचं प्रत्येकाचं एक आवडतं सांगा, दोन जातीचं संगीत एकात घातलेलं असलं तर फार बरं, पण ते कसं सापडलं ते पण सांगा. नुसत्या पन्नास नावांच्या याद्या नकोत, याद्या फोन पण देतो.


धोटा_१३२

बाळा, तू सांगतोस तो फुगा म्हणजे बहुतेक टीबी-३०३. जपानच्या रोलंड कंपनीची एक छोटी चंदेरी पेटी, १९८१-८२ च्या सुमाराला बाजारात आली. कशासाठी, तर एकटा गिटारवाला असेल त्याला मागं बेस वाजवायला कुणीतरी हवं म्हणून. पण बेस गिटारसारखी ती अजिबात वाजायची नाही, प्रोग्राम करायला डोक्याला ताप, लोकांनी घेतली नाही आणि १९८४ ला कंपनीनं बंद केली. मग त्या पेट्या सेकंडहँडमध्ये मातीमोल भावात पडून राहिल्या. शिकागोतल्या पोरांनी त्या उचलल्या आणि सूर चालू ठेवून वरची बटणं नुसती पिळली, फिल्टरची. तो जाड-बारीक होणारा आवाज तो. १९८७ ला फ्यूचर नावाच्या त्रिकुटाचा 'अॅसिड ट्रॅक्स' आला आणि त्या सगळ्या जातीला नावच अॅसिड हाऊस पडलं, हाऊस म्हणजे तिथलं मशीनवरचं नाचाचं संगीत. म्हणजे तुला जे शोधायचंय ते 'अॅसिड' या शब्दानं शोध.

पण खरी गोष्ट आता ऐक. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ ला, मुंबईत चरणजीत सिंग नावाच्या माणसानं हीच ३०३, सोबत ८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ, म्हणजे विजेवर सूर तयार करणारी पेटी, घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. हा माणूस हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बेस, गिटार वाजवणारा, साधा वादक. यमन, ललत, मालकंस, भैरव, आणि खाली डिस्कोचा ठोका. तेव्हा ती कुणी विकत घेतली नाही, विसरून गेले सगळे. पुढं एका डच माणसाला जुन्या तबकड्या धुंडाळताना ती दिल्लीत सापडली, २०१० ला परत छापली गेली आणि जग येडं झालं, की अरे हे तर शिकागोच्या आधीचं अॅसिड हाऊस आहे. तो बिचारा म्हातारपणी युरोपात जाऊन वाजवून आला. २०१५ ला गेला.

३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, स्लाईड म्हणतात. आपण तिला मींड म्हणतो. ललत ऐक त्यातला, मग कळेल की शिकागोवाल्यांनी बटण पिळून जे केलं ते ह्यानं मींड म्हणून केलं. माझं आवडतं हेच, आणि सापडलं कसं तर मुलानं इंजिनिअरिंगला असताना मला चिडवायला लावलं होतं, बाबा बघा तुमचा यमन. मी त्याच्याकडून हेडफोनच काढून घेतला.

आता माझं नाव धोटा का ते पण सांगतो, विषयाला धरूनच आहे. साखर पेठेत आमच्या घराखाली आठ माग होते, टॉवेलचेच. वर आम्ही झोपायचो. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो. तो डावीकडून उजवीकडं गेला की खट्, उजवीकडून परत आला की खट्, हे दोन आवाज वेगळे असतात, एक थोडा कोरडा एक थोडा बसका, आणि मधे फणी तो धागा दाबून ठोकते. एका कानातून दुसऱ्या कानात जातंय असंच वाटायचं. लोडशेडिंगला माग थांबले की आम्ही पोरं जागी व्हायचो. मुलाच्या फोनवर ते बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोके, मोजायचं अॅप आहे, परवा पाव्हण्याच्या कारखान्यात जाऊन बोटानं ठोके मारून मोजलं, १३२ आलं. टेक्नोवाले १३० च्या आसपासच वाजवतात ना?

आणि आठही माग एका वेगात कधीच नसतात. एक १३२, शेजारचा १३१, तिसरा पट्टा सैल म्हणून १२८. ते एकमेकांपासून सरकत सरकत जातात, सगळा गोंधळ होतो, आणि मग कधीतरी तीन-चार सेकंद चार-पाच माग एकदम एका ठोक्यावर येतात. अंगावर काटा. परत विस्कटतात. स्टीव्ह राईश म्हणून अमेरिकन संगीतकार आहे, त्यानं १९६५ ला दोन टेपरेकॉर्डरवर एकच तुकडा लावून त्यांना असंच सरकू दिलं आणि त्याचं संगीत केलं. माझ्या आईला ते ऐकवलं असतं तर म्हणाली असती तेल घाला त्याला.

अजून एक, तू टॉवेलच्या कारखान्यात आहेस तर जेवणाच्या सुट्टीत हिशोबाच्या खोलीतून बाहेर येऊन टॉवेलच्या मागापाशी उभा राहा. टॉवेलला वरचे लूप पाडायला फणी दोन आडवे धागे अर्धवटच ढकलते आणि तिसऱ्याला सगळं जोरात पुढं ठोकते. म्हणजे दोन हलके, एक भारी. दोन हलके, एक भारी. कान लावून ऐक.


बेस_टॉप_पूर्वभाग

ओ काका!! हे तर तीनमार झालं की ओ!! टॉवेलचा माग तीनमार वाजवलालाय आणि आमाला कुणी सांगितलं नाय!

मी पूर्व भागातला, साउंडवाला हाय, दोन बेस दोन टॉपच्या बॉक्सपासून चालू केलं आता आठ-आठ हाय. आमच्या घरी तेलुगू, गिऱ्हाईक मराठी, बॉक्स ठोकणारा मिस्त्री कानडी. त्यामुळं आमाला तिन्ही वाजवायला लागतं. तेलुगू वरात असली की तीनमार पाहिजेच, हैदराबादहून आलेलं, डप्पू म्हणजे हलगीसारख्या वाद्यावर वाजतं ते, आणि त्या हैदराबादेत अजून मरफा म्हणून हाय, सिद्दी लोकांचं, अरबस्तान आफ्रिकेकडनं आलेलं, बघ आता आपण ज्याला गावठी म्हणतो ते कुठून कुठून फिरून आलंय. विजापूर रोडच्या पुढं गेलं की कानडी जानपद म्हणजे लोकगीतांचे डीजे ट्रॅक. आणि मराठीला हलगी. पब्लिकला पुण्याचं काय घेणंदेणं.

भावा सातरस्ता तुला एक कामाची गोष्ट सांगतो जी कुणी पुस्तकात देत नाय. तीनमार आणि बरीचशी हलगी तीन तीनाची असते, म्हणजे एका किकमध्ये तीन मात्रा. टेक्नो हाऊस चार चाराचं, एका किकमध्ये चार. तू दोन्ही १३० ला आणून एकावर एक ठेवलंस तर किक जुळतात पण वरचं सगळं, झांज हॅट वगैरे, एकमेकाच्या अंगावर पडतं आणि पब्लिक नाचता नाचता थांबून बघतंय. मी पहिल्यांदा केलतं तेव्हा नवऱ्याचा मामा येऊन म्हणला मशीन गरम झालंय का. तर करायचं काय, येणाऱ्या गाण्याचा ट्रेबल पूर्ण मारायचा, नुसता किक आत आणायचा, सोळा ठोके चालवायचा, मग जुन्या गाण्याचा बेस काढायचा, आणि मगच नव्याची झांज हळू उघडायची. तीनाच्या आणि चाराच्या झांजा एकत्र ठेवायच्या नाहीत बस.

दुसरी युक्ती जरा अवघड हाय. १३० च्या तीनमारात मिनिटाला ३९० मात्रा होतात का, त्याच मात्रा चार चारानं मोजल्या तर साडेसत्त्याण्णव बीपीएम होतंय. म्हणजे हलगी चालूच हाय, खाली किक एकदम साडेसत्त्याण्णवला टाकला तर हलगी तीच राहती पण पाय जड पडायला लागतो, एकदम हत्तीची चाल. पब्लिक अर्धा सेकंद गोंधळतंय आणि मग जी शिट्टी पडती ना! हे मी कुणाचं बघून नाय शिकलो, चुकून झालतं.

माझं आवडतं म्हणशील तर न्यूक्लिया. तो माणूस आपलं रस्त्यावरचं वाजणं ऐकून बेस म्युझिक करतो हे मला लय उशिरा कळलं, आधी वाटलं आपल्यातलाच कुणीतरी हाय. 'बास रानी' २०१५ चा. सापडलं कसं तर एका गिऱ्हाइकानं पेनड्राईव्ह विसरला.


फक्त_मॉड्युलर

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आवाजाची माहिती छान आहे, काकांची पोस्ट दोनदा वाचली. पण वरातीचे मिक्स आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एका पंक्तीत बसवायचं हे मला पटत नाही. तयार गाण्याखाली तयार किक टाकला, वर आपलं नाव ओरडलं, झाला रिमिक्स? त्यात आवाज घडवणं कुठं आहे? सगळ्यांकडं तीच सॅम्पलची, म्हणजे तयार आवाजाच्या तुकड्यांची, झिप फाईल असते, सोलापूरचा मिक्स आणि सांगलीचा मिक्स डोळे मिटून वेगळा ओळखून दाखवा. आणि आवाजाची पातळी हा विषयच नको, आमच्या आजीची खोली रस्त्यालगत आहे, विसर्जनाच्या दिवशी कपाटाच्या काचा वाजतात. नियमात राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबल आहे. ५५! ते तर तुमचं जनरेटरच करत असेल.

मूळ प्रश्नाला उत्तर, आपल्याकडची सुरुवात बघायची तर अजून मागं जा. १९६९ ला अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, मूग सिंथेसायझर आला होता, अमेरिकेचा संगीतकार डेव्हिड ट्यूडर येऊन स्टुडिओ लावून गेला. तिथं गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी चार वर्षं जे प्रयोग केले त्याच्या टेपा संस्थेतच पडून होत्या, २०२३ ला त्यांची तबकडी निघाली. नाचायला काही नाही त्यात, पण रात्री दिवा बंद करून ऐक.


लेझीम_आणि_लूप

बेस_टॉप दादांच्या वतीनं मी भांडते, मला परीक्षा आहे उद्या पण हे महत्त्वाचंय.

फक्त_मॉड्युलर, रिमिक्स हा प्रकार आला कुठून? जमैकातून. किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमवाले होते, गल्लीत मोठे मोठे बॉक्स लावून गाणी वाजवणारे, एकमेकांशी खुन्नस असणारे, अगदी आपल्या मंडळांसारखे. त्यातला किंग टबी हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, अॅम्प्लिफायर स्वतः बांधायचा. त्यानं गाण्यातला गायक काढून नुसता बेस आणि ड्रम ठेवला, मधेच एको सोडला, आणि डब नावाची गोष्ट तयार झाली. पुढचा बराचसा रिमिक्स, जंगल, डबस्टेप ही नाचाची संगीतं, हे सगळं त्या बॉक्सवाल्यांच्या खानदानातलं. आणि माईकवर ओरडणं? ते पण तिथलंच, त्यांच्याकडं त्याला कला म्हणतात. त्यामुळं कानडी मिस्त्रीकडून बॉक्स ठोकून घेणाऱ्या माणसाला तुम्ही पंक्तीतून उठवू नका, पंक्ती त्यांचीच आहे.

काचांचं मात्र बरोबर आहे तुमचं. त्यावर मी भांडणार नाही.

आता माझं. मी शाळेपासून लेझीम खेळते, आमचं मंडळ गणपतीत असतं. मिरवणुकीत दोनशे लेझमा एकदम बंद होतात तो जो 'छक्' आहे ना, तो जगातला सगळ्यात भारी हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटवरची झांज, आहे असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. एकदा सराव संपल्यावर आमच्या सरांची परवानगी काढून एकटी मैदानावर थांबले आणि फोनवर एकच लेझीम रेकॉर्ड केली. पहिल्यांदा नुसता खुळखुळा आला, कारण फोन जवळ होता आणि चकत्या बंद होतानाचा वाराच रेकॉर्ड झाला. मग फोन पायरीवर ठेवून पंधरा पावलं लांब गेले, तेव्हा आवाज पण आला आणि समोरच्या भिंतीवरून परत आलेला पण आला. फुकटचा एको! तो तुकडा फोनवरच्या साध्या अॅपमध्ये कापून सोळा घरांत ठेवला, चार घरं किकला, लेझीम प्रत्येक दोन किकच्या मधे. बास, हाऊस झालं. भावानं ऐकून विचारलं कुठलं गाणंय, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही आनंदानं.

काका, सोळा घरांवरून आठवलं, चादरीच्या मागावर जॅकार्डची ती भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात ना, भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली? ८०८ वर पण सोळा बटणंच आहेत, दिवा लागला तर ठोका, नाहीतर गप्प. माझ्या मैत्रिणीच्या घरी जुनी कार्डं माळ्यावर आहेत, मी ती वाजवून बघणार आहे, म्हणजे भोक म्हणजे ठोका धरून. मोराच्या पिसाऱ्याचा बीट कसा येतो बघू.

शोधायचं कसं यावर, माझी पद्धत अशी की गाणं आवडलं तर गायकाच्या मागं न जाता रिमिक्स कुणी केला त्याच्या मागं जायचं, आणि त्यापेक्षा भारी म्हणजे ते कुठल्या लेबलनं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीनं, काढलंय ते बघायचं. छोट्या लेबलचा मालक म्हणजे तो नव्या पेठेतला मेमरी कार्डवालाच, फक्त चांगल्या कानाचा. बँडकॅम्प या गाण्यांच्या साईटवर लेबलचं पान उघडलं की सगळं ऐकायला मिळतं. मी अशीच युगांडाच्या कंपालातल्या न्येगे न्येगे टेप्स नावाच्या लेबलवर पोचले आणि तिथून सिंगेली सापडलं. टांझानियाच्या दार एस सलामचं आहे, गल्लीतल्या लग्नाकार्यात वाजतं, आणि वेग बघा, दोनशेच्या पुढं, कधी तीनशेकडं जातं! पहिल्यांदा ऐकलं तर मला वाटलं आमच्या हलगीवाल्यांना कुणीतरी चहाच्या जागी काहीतरी भलतंच पाजलंय. हे माझं आवडतं. सातरस्ता, तुला वरातीचं म्हणून हसलेल्यांना हे ऐकव, ते पण वरातीचंच आहे.


फक्त_मॉड्युलर

टबीचा मुद्दा मान्य. सॅम्पलच्या झिप फाईलचा मुद्दा अजून माझाच.


बेस_टॉप_पूर्वभाग

झिप फाईलचं खरं हाय बे. मी पण तीच वापरतो. ताई ती लेझीम मला पाठवा की, नाव टाकून वाजवतो तुमचं. आणि आजीची गल्ली सांगा, तिथनं जाताना टॉप खाली करू.


लेझीम_आणि_लूप

दादा नाव चाळीस सेकंदाला नको, एकदाच.


सातरस्ता_बेस

चार दिवस महिनाअखेर होती, आता बसलो लिहायला. आधी सगळ्यांना धन्यवाद, मला वाटलं दोन ओळीचं उत्तर येईल.

काका, चरणजीत सिंग ऐकला. पूर्ण. पहिला अर्धा तास तर मी नुसता हसलालतो, की हे आपल्याकडचं आहे आणि आपल्याला हॉलंडवाल्यानं सांगायचं. पण माझा ट्रॅक ०७ तो नाही. दहाचे दहा ऐकले, ललत दोनदा, नाही. फुगा तोच, चाल ती नाही. माझ्यातला मधेच एकदम बंद पडतो, दोन सेकंद कायपण नाही, आणि मग नुसता फुगा एकटा परत येतो. मग 'अॅसिड' टाकून शोधत बसलो, रात्री दोन वाजले, दोनशे गाणी तरी झाली असतील, त्यातली तीस आवडली आणि ट्रॅक ०७ एकही नाही. कंटाळा मात्र आला नाही.

मागापाशी पण उभा राहिलो. पाच वर्षं झाली मला त्या कारखान्यात आणि मी आत जाताना कानात बोटं घालून जायचो. मंगळवारी जेवणानंतर गेलो, एक नंबरच्या लाईनीत उभा राहिलो. आधी नुसता गदारोळ. मग एकाच मागाकडं बघत राहिलो, फणीकडं, आणि डोळ्यानं पकडलं आधी, कानानं नंतर. दोन हलके एक भारी. एकदा पकडल्यावर ते सुटतच नाही, घरी येऊन ताटावर वाजवलालतो तर आई म्हणली भूक लागलीय का तुला. मागावरच्या मावशींना सांगितलं की मावशी हे तीनमार आहे, तर त्या म्हणल्या, व्हय की, आमी त्याच्यावरच गाणं म्हणतो, तू आत्ता आलास का. आणि म्हणून दाखवलं. तेलुगूत होतं, मला कळलं नाही काय ते, पण भारी ठोक्यावर बरोबर शब्द पडत होता. त्या आवाजात त्यांना स्वतःचं गाणं ऐकू कसं येतं हेच मला कळेना, विचारलं तर म्हणल्या ऐकू कुठं येतंय, तोंडात कळतंय.

परवानगी काढून रेकॉर्ड केलंय थोडं, फोन खिशात ठेवून, म्हणजे वरचा कर्कश भाग कापडानं गाळला गेला. मोजलं तर आमचा माग १४० ला आहे. बेस_टॉप भावा, तू म्हणशील तसं कर.

फक्त_मॉड्युलर, एनआयडीवालं दिवा बंद करून लावलं. खरं सांगू का, घाबरलो आणि दिवा लावला. परत ऐकणार आहे.


धोटा_१३२

१४० म्हणजे माग नवा दिसतोय किंवा मालक घाईतला.

मावशी म्हणतात ते खरंय, तोंडातच कळतं. माझे वडील मागावर उभं राहून भजन म्हणायचे, आम्हाला नुसते ओठ दिसायचे. कान मात्र गेले त्यांचे पन्नाशीत, तेव्हा तू आत जाताना कापूस घाल, गाणं ऐकायला कान लागतात.


बेस_टॉप_पूर्वभाग

आलं रेकॉर्डिंग. १४० चा प्रत्येक खट् म्हणजे एक किक धरला, आत तीन तीन हलगी भरली, आणि दर तिसऱ्या खट् ला ताईंची लेझीम. तीनात तीन बसलं. पण एक अडचण हाय, माग मधेच हळू होतोय, १४० चा १३८ आणि परत १४०. मशीनवर सरळ करून टाकू का तसंच ठेवू?


लेझीम_आणि_लूप

तसंच ठेवा!!


फक्त_मॉड्युलर

तसंच ठेवा. हे कुठल्याच झिप फाईलमध्ये नाही. आणि ऐकायला पाठवा.


सातरस्ता_बेस

तसंच ठेव भावा. आणि हो, एक राहिलंच. आईला विचारलं, जुना फोन बार्शीला मावशीकडं दिलता म्हणे, तिच्या पोराला गेम खेळायला, कार्डासकट. मावशी म्हणती कपाटात आहे, चार्जर नाही. रविवारी चाललालोय बार्शीला. कुणाकडं तो जुना बारीक पिनचा चार्जर असेल तर सांगा, सात रस्त्याला येऊन घेऊन जातो.


बेस_टॉप_पूर्वभाग

माझ्याकडं तीन हायत. कन्ना चौकात ये संध्याकाळी, मिक्स पण ऐकून जा.